विनिपेगचा पहिला हिवाळा: कपडे, गाडी, घर आणि मन, सगळं इथे लिहा

सुखदा_ग (६ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली कॅनडातल्या विनिपेगला झालीये, तो ऑगस्टपासून तिथेच आहे, मी आणि लेक (वय ५) नोव्हेंबरअखेर पोचतोय आणि सासूबाई जानेवारीत सुपर व्हिसावर (आईवडिलांना कॅनडात जास्त काळ राहता येतं तो व्हिसा) येणार. आम्ही नाशिकचे, निफाडला पारा चार-पाचवर आला की आमच्याकडे शेकोट्या पेटतात आणि द्राक्षवाल्यांची झोप उडते, त्यामुळे थंडी अगदीच माहीत नाही असं नाही, पण उणे तीस म्हणजे काय हे डोक्यात शिरतच नाहीये. कपडे इथून घ्यायचे की तिकडे? मुलीच्या शाळेचं काय? गाडीला काही वेगळं लागतं का? सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, गुडघे धरतात, त्या दिवसभर घरात काय करतील? नवरा फोनवर म्हणतो सवय होते, पण त्याच्या ऑफिसातले लोक ऑक्टोबरपासूनच नुसते हिवाळ्याबद्दल बोलतात म्हणे. जे राहिलेत त्यांनी खरंखुरं लिहा प्लीज.

प्रेअरीकर (६ ऑक्टोबर)

स्वागत सुखदा. आधी आकडे सांगतो. जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल उणे अकरा-बारा आणि रात्री उणे एकवीसच्या आसपास. उणे तीस रोज नसतं, पण दर हिवाळ्यात असे दिवस येतातच आणि आले की सलग मुक्काम ठोकतात. त्यात वारा. बाहेर पडायच्या आधी हवामान खात्याच्या अ‍ॅपवर विंडचिलचा (वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा) आकडा बघायची सवय लावून घ्या. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली गेला तर ५ ते १० मिनिटांत. म्हणजे बस चुकली आणि कान उघडे आहेत एवढ्यावर काम होतं.

नव्या माणसाला एक गोष्ट फार फसवते, ती म्हणजे इथलं ऊन. लोकांना वाटतं हिवाळा म्हणजे सगळं करडं, पण विनिपेगला हिवाळ्यातही लख्ख ऊन पडतं, आणि आकाश निरभ्र असलं की थंडी जास्त असते, ढग आले की उलट जरा सुसह्य. त्यामुळे खिडकीतून बघून कपडे ठरवायचे नाहीत.

कपडे तिकडून आणू नका, फक्त थर्मल आणा हवं तर, आणि तेही सुती नको. आपल्याला आत सुती बनियन घालायची सवय असते, पण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगाला चिकटलं की थंडी आत शिरते. आत मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर, मधे फ्लीस, वर वारा अडवणारा पार्का, म्हणजे जाड लांब कोट, टोपीला फर असलेला. ती फर शोभेची नाही, चेहऱ्यासमोर वारा मोडते. हाताला बोटांचे मोजे नकोत, मिटन घ्या, चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. बूट अर्धा-एक नंबर मोठेच घ्या, आत जाड मोजा घालून बोटं हलली पाहिजेत, आवळलेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि मग बूट कितीही भारी असो, पाय गारच. मार्क्स, कॅनेडियन टायर या दुकानांत चांगलं मिळतं, आणि व्हॅल्यू व्हिलेजमध्ये (वापरलेल्या वस्तूंचं दुकान) मुलांच्या स्नोपँट जवळपास नव्यासारख्या असतात कारण मुलं एका वर्षात उंच होतात.

अनुजा_सेंट_व्हायटल (६ ऑक्टोबर)

शाळेचं मी सांगते, माझी दोन्ही मुलं इथेच वाढली. मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर सोडतात, थंडीतसुद्धा. विंडचिल साधारण उणे २७-२८ च्या खाली गेलं तरच आत ठेवतात. आपल्याकडची आजी हे ऐकून घाबरते पण मुलं इतकी खूश असतात बाहेर, बर्फाच्या ढिगाऱ्यावरून घसरत बसतात आणि घरी येऊन पोटभर जेवतात. तुझ्या लेकीला स्वतःची स्नोपँट, बूट, जाकीट, टोपी, मिटन घालता आलं पाहिजे कारण बाईंच्या एकट्या जिवावर वीसेक मुलं असतात. घरी सराव करून घे, क्रम पक्का कर: आधी स्नोपँट, मग बूट, मग जाकीट, मग टोपी, मिटन सगळ्यात शेवटी, नाहीतर मिटन घातलेल्या हाताने चेन लागत नाही आणि रडारड होते. प्रत्येक वस्तूवर नाव. मिटनचे दोन जोड दप्तरात, एक ओला होणारच. गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळू नकोस, खेळताना अडकतो, नेक वॉर्मर घे. आणि कानात धातूचे डूल घालून बाहेर पाठवू नकोस, धातू थंडी सरळ कातडीत नेतो.

डोंबिवलीचा_विनू (७ ऑक्टोबर)

गाडी. इथे प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर लोंबताना दिसेल, तिला बघून सगळे विचारतात की काय सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक आहेत का. तो ब्लॉक हीटर. इंजिन गरम ठेवायला रात्री घरच्या प्लगला लावायचा. उणे पंधरा-वीसच्या खाली गेलं की लावाच, पण रात्रभर गरज नसते, निघायच्या आधी तीनेक तास पुरतात, साधा बाहेरचा टायमर लावा, बिल वाचतं. आणि हे लक्षात घ्या की विंडचिल माणसाला लागतं, उभ्या गाडीला नाही, इंजिन हवेच्या तापमानाच्या खाली जात नाही, फक्त वाऱ्यात लवकर गार होतं, त्यामुळे प्लग लावायचा की नाही हे खऱ्या तापमानावर ठरवा. बॅटरी जुनी असेल तर ऑक्टोबरातच तपासून घ्या म्हणावं नवऱ्याला, उणे वीसला तिची ताकद निम्म्यावर येते.

विंटर टायर इथे कायद्याने सक्तीचे नाहीत (क्वेबेकमध्ये आहेत) पण ते घ्याच, मॅनिटोबा पब्लिक इन्शुरन्सची (आपल्या प्रांताची सरकारी वाहनविमा कंपनी) त्यासाठी हप्त्यांची योजना आहे, बघा. सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं, मग बर्फ असो नसो, पकड जाते.

शहराबाहेर जाताना टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि डिकीत ब्लँकेट, फावडं, मेणबत्ती-काडेपेटी, खायला काहीतरी. हायवेवर अडकलात तर गाडी सोडून चालायला लागायचं नाही, कधीच नाही. आधी सायलेन्सरच्या तोंडापुढचा बर्फ काढायचा, मग तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवायचं, खिडकी किंचित खाली. सायलेन्सर बुजला तर विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो.

मावळा_इन_मॅनिटोबा (७ ऑक्टोबर)

विनूला +१. बर्फ काढायला शहराचे झोन आहेत, प्रत्येक भागाला एक अक्षर, आपल्या घराचं अक्षर नवऱ्याला आत्ताच बघून ठेवायला सांगा, ज्या रात्री त्या अक्षराचा बर्फ काढतात तेव्हा गाडी रस्त्यावर राहिली तर दंड आणि उचलूनही नेतात.

शेवंती (८ ऑक्टोबर)

घराबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. थंडीपेक्षा मला सुरुवातीला त्रास झाला तो कोरड्या हवेचा. फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) दिवसरात्र चालतो, ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की झिणझिणी. ह्युमिडिफायर लावा पण फार नाही, कडाक्याच्या थंडीत आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास किंवा कमीच ठेवावी लागते, नाहीतर खिडक्यांवर आतून पाणी धरतं, त्याचा बर्फ होतो आणि मार्चमध्ये चौकटीला बुरशी. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल लावायचं, बाहेर जायचं असेल तर तोंडाला व्हॅसलीनचा पातळ हात. ओल्या केसांनी बाहेर पडायचं नाही, ते खरंच कडक होतात.

घराबाहेर भिंतीतून फर्नेसचे दोन पांढरे पाइप निघतात, मोठा बर्फ पडला की ते मोकळे आहेत का बघायचं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हेही पहिल्याच दिवशी. बाहेरच्या भिंतीला लागून सिंक असेल तर उणे तीसच्या रात्री खालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे पाइपांना ऊब लागते. २०१४ च्या हिवाळ्यात तर जमिनीखालच्या लाइनी गोठल्या होत्या, हजारांवर घरांचं पाणी गेलं, तेव्हा महापालिकेनेच लोकांना नळ बारीक सोडून ठेवायला सांगितलं होतं.

आता महत्त्वाचं, डोशाचं पीठ. ते ओट्यावर फुगणार नाही. ओव्हन बंद, फक्त आतला दिवा लावायचा आणि पातेलं त्यात ठेवायचं, दिव्याच्या उबेवर रात्रभरात वर येतं. दह्याचं विरजणही तसंच. फक्त ओव्हनच्या बटनावर चिठ्ठी चिकटवा, आत पीठ आहे म्हणून.

मिनियापोलिसकर (८ ऑक्टोबर)

मी दक्षिणेला तुमच्या शेजारी, थंडी तुमच्यापेक्षा थोडी कमी. माझा सल्ला सरळ आहे, डिसेंबर-जानेवारीत भारतात जा. लग्नसराई असते, हुरडा असतो, ऊन खाऊन या. थंडीशी झुंजण्यात काय पुरुषार्थ आहे? आम्ही दरवर्षी जातो.

उत्तरायण (९ ऑक्टोबर)

मिनियापोलिसकर, जमत असेल त्यांनी जरूर जावं, पण हा उपाय म्हणून मला पटत नाही आणि का ते सविस्तर लिहितो, कारण मी इथे १९९४ पासून आहे आणि किती तरी कुटुंबं आली-गेली बघितली. हिवाळा इथे नोव्हेंबर ते मार्च, पाच महिने. त्यातले चार आठवडे तुम्ही पुण्यात काढलेत तर उरलेल्या चार महिन्यांचं काय? शिवाय डिसेंबरची तिकिटं वर्षात सगळ्यात महाग. आणि परत येता ते नेमके जानेवारीच्या मध्यावर, डोळ्यांत झोप, बाहेर उणे तीस, घर थंडगार. त्यानंतर जो माणूस खचतो तो मी बघितलाय.

मला जे सांगायचंय ते हे की इथे माणसाला थंडी हरवत नाही, घरात बसणं हरवतं. थंडीला कपडे आहेत. २१ डिसेंबरला सूर्य उगवतो साडेआठच्या सुमारास आणि साडेचारला मावळतो, आठ तासांचा दिवस. नोकरी करणारा अंधारात जातो, अंधारात येतो. घरी असणारी व्यक्ती, बहुतेकदा बायको किंवा आलेले आईवडील, ती तर पडदे लावून ऊब धरून बसते, दिवसामागून दिवस बाहेरच पडत नाही, फोनवर नाशिकचं ऊन बघते. असं दोन-तीन आठवडे झालं की मग उठावंसं वाटत नाही, कोणाला भेटावंसं वाटत नाही, आणि सगळं खापर शहरावर फुटतं.

म्हणून आमच्या घरी नियम आहे, दुपारी बारा ते दोनच्या मध्ये बाहेर पडायचंच, वीस मिनिटं का होईना. हवामान खात्याचा इशारा असेल तर बाहेरऐवजी कुठेतरी जायचं. डाउनटाउनमध्ये स्कायवॉक आहेत, इमारतीतून इमारतीत काचेच्या पुलांवरून चालत जाता येतं, मिलेनियम लायब्ररीपर्यंत. पोर्टेज आणि मेनचा चौक ऐकला असेल, वाऱ्यासाठी बदनाम, तिथे १९७९ पासून पायी रस्ता ओलांडायला बंदी होती, भुयारातूनच जायचं, २०२५ च्या जूनमध्ये तो परत खुला झालाय. असिनिबॉइन पार्कातलं द लीफ बघा, २०२२ च्या डिसेंबरात उघडलं. काचेच्या छताखाली उष्ण कटिबंधातली झाडं, मोठा धबधबा, दमट हवा. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते, ती पुसेपर्यंत थांबायचं आणि मग ओल्या मातीचा वास येतो. फेब्रुवारीत तो वास नाकात गेला की आमच्या हिला कोकण आठवतं, ती तिथे बाकावर तासभर बसते.

आणि नदी. रेड आणि असिनिबॉइन जिथे मिळतात तिथे द फोर्क्स, जानेवारीत बर्फ पुरेसा जाड झाला की नदीवरच स्केटिंगची वाट करतात, नेस्टावेया रिव्हर ट्रेल. स्केट भाड्याने मिळतात, स्केटिंग येत नसेल तर बूट घालून नुसतं चाला, वाटेत विसाव्याला झोपड्या असतात, दरवर्षी नव्या रचनेच्या. फेब्रुवारीत सेंट बोनिफेसला फेस्टिव्हल दू व्हॉयाजर असतो, बर्फाची शिल्पं, फ्रेंच गाणी, शेकोट्या, गोठवलेल्या बर्फावर मेपलच्या पाकाची टॉफी. इथले लोक हिवाळ्यात सण करतात, आपणही त्यात सामील व्हावं एवढंच माझं म्हणणं आहे.

मिनियापोलिसकर (९ ऑक्टोबर)

काका, हे पटलं, विशेषतः घरी असणाऱ्या व्यक्तीबद्दलचं. माझी बायको नोकरी करते म्हणून आम्हाला ते जाणवलं नसावं.

निशिगंध (१० ऑक्टोबर)

उत्तरायण काकांच्या मुद्द्याला जोडून, कारण हे उघडपणे बोललं जात नाही आपल्यात. दरवर्षी नोव्हेंबरपासून झोप अनावर होणं, गोड आणि भात सतत खावासा वाटणं, कशातच रस न राहणं, चिडचिड, आणि एप्रिलमध्ये आपोआप बरं वाटणं, याला नाव आहे, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं वर्णन केलं. हा आळस नाही, आणि जरा देवाचं कर, मन रमव म्हणून तो जात नाही. मला आहे. मी रोज सकाळी उठल्या उठल्या १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर अर्धा तास बसते, दिवा तिरपा, हातभर अंतरावर, थेट त्याच्याकडे बघायचं नाही, चहा आणि पेपर त्याच उजेडात. संध्याकाळी लावायचा नाही, झोप उडते. डोळ्यांचा विकार असेल किंवा बायपोलरचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. दिव्याने भागत नसेल तर औषधं आहेत, समुपदेशन आहे, दोन्ही घेण्यात काही कमीपणा नाही. आणि मन अगदीच टोकाला गेलं तर कॅनडात कुठूनही ९८८ वर फोन किंवा मेसेज करता येतो, चोवीस तास.

व्हिटॅमिन डी सगळ्यांनीच डॉक्टरांना विचारून घ्या. या अक्षांशावर हिवाळ्याच्या उन्हात ते कातडीत तयारच होत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला एरवीही जास्त ऊन लागतं.

सुखदा_ग (१० ऑक्टोबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंध, तुझा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. आता सासूबाईंचं सांगा ना. त्या साडीच नेसतात, ड्रेस घालायला तयार नाहीत. बाहेर चालवायचं कसं?

अनुजा_सेंट_व्हायटल (११ ऑक्टोबर)

माझ्या आई साडीतच तीन हिवाळे राहिल्या गं. परकराच्या आत थर्मल लेगिंग, त्यावर लोकरी लेगिंग, साडी जरा वर नेसवायची म्हणजे काठ बर्फात भिजत नाही, वर घोट्यापर्यंत पार्का. चप्पल पिशवीत, बूट पायात, कोणाकडे गेलं की दारात बदलायचे. बुटाला खालून अडकवायचे काटे मिळतात ते घ्याच, आणि काठी वापरत असतील तर तिच्या टोकाला बर्फात रुतणारं टोक लावून मिळतं. घसरडं दिसलं की पाय जरा फाकवून, छोटी पावलं, हात खिशाबाहेर. मोठ्या माणसांना थंडीपेक्षा पडण्याची भीती जास्त, मनगट किंवा खुबा मोडला की अख्खा हिवाळा खाटेवर. फार गार असेल तर सकाळी मॉलमध्ये चालायला ने, दुकानं उघडायच्या आधी ज्येष्ठ मंडळी गटाने फेऱ्या मारत असतात, माझ्या आईची एका युक्रेनी आजीशी तिथेच मैत्री झाली, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तरी रोज एकमेकींसाठी थांबायच्या.

भारतात फोन करायची वेळ ठरवून दे. हिवाळ्यात साडेअकरा तासांचा फरक, इथल्या रात्री आठला तिकडे सकाळचे साडेसात, बहिणीशी चहा पिता पिता बोलणं होतं त्यांचं. दुपारी फोन लावला तर तिकडे मध्यरात्र, मग त्या नुसत्या बसून राहतात.

सुखदा_ग (१९ जानेवारी)

धागा वर आणतेय. पोचलो, स्थिरावलो, सासूबाईही आल्या. पहिले दोन आठवडे त्या खिडकीतून हलल्या नाहीत, मग संक्रांतीने काम केलं. मंडळातल्या एका ताईंकडे हळदीकुंकू होतं, बाहेर उणे २९. सासूबाईंनी काळी चंद्रकळा काढली, अनुजाताईंनी सांगितलं तसं आत दोन थर, वर माझ्या नवऱ्याचा पार्का. तिथे पंधरा-वीस जणी, दाराशी बुटांचा ढीग, आत सगळ्या काळ्या साड्यांत. लेकीचं बोरन्हाणही तिथेच उरकलं, बोरं कुठली मिळायला, चुरमुरे, हलवा, सुकवलेल्या क्रॅनबेऱ्या आणि गोळ्या, पोरं तुटून पडली. सासूबाईंना तिथे येवल्याच्या एक मावशी भेटल्या, त्यांचं माहेर आणि यांचं सासर एकाच गल्लीत निघालं. आता दोघी मंगळवारी लायब्ररीत भेटतात, जाताना मीच सोडते. गुळपोळ्या शिकवायचं ठरलंय पुढच्या शनिवारी.

दुपारचा बाहेर पडायचा नियम पाळतोय. फोन मात्र बाहेर बंद पडतो, काय करावं?

प्रेअरीकर (१९ जानेवारी)

वा, वाचून फार बरं वाटलं! फोन बाहेरच्या खिशात ठेवू नका, जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ. बंद पडला तर घरी आल्यावर जरा वेळ खोलीतल्या उबेत राहू द्या, मगच चार्जिंगला लावा. गोठलेली बॅटरी लगेच चार्ज केली की बिघडते.

उत्तरायण (२० जानेवारी)

सुखदा, छान केलंस. आता रोज साधारण दोन मिनिटांनी दिवस वाढतोय, फेब्रुवारीअखेर तीनच्या वर जाईल. नदीची वाट उघडली असेल तर येत्या रविवारी लेकीला घेऊन या, आम्ही दोघं असतो तिथे दुपारी. फेब्रुवारीतला तिसरा सोमवार लुई रिएल डेची सुट्टी, तेव्हा फेस्टिव्हलला सगळे मिळून जाऊ.

डोंबिवलीचा_विनू (२० जानेवारी)

मीही येतो, मुलांसाठी घसरगाडी आणतो.

सुखदा_ग (२ एप्रिल)

एक शेवटचा प्रश्न. गेले चार दिवस उणे नाही, रस्त्यावर नुसता चिखल, गुढीसुद्धा बर्फाच्या ढिगाऱ्यात उभी केली होती तो ढिगारा अर्धा झाला. नवरा म्हणतो विंटर टायर आता काढून टाकू, पेट्रोल जास्त खातात. काढायचे का?

उत्तरायण (२ एप्रिल)

नाही. १९९७ साली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इथे अर्धा मीटर बर्फ पडला होता, शहर ठप्प, आणि त्याच्या पाण्याची भर पडून पुढे रेड नदीचा मोठा पूर आला. दिवसाचं सरासरी तापमान सात अंशांच्या वर राहायला लागलं की मग काढा, म्हणजे एप्रिलच्या शेवटी.

डोंबिवलीचा_विनू (३ एप्रिल)

काका बरोबर. आणि काढताना कुठला टायर कुठल्या चाकाचा ते खडूने लिहून ठेवा, ऑक्टोबरात जागा बदलून लावायचे असतात. गॅरेजची अपॉइंटमेंट मात्र आत्ताच घ्या, शेवटच्या आठवड्यात मिळत नाही.